पन्नास पन्ह्याचा टीव्ही

संध्याकाळी मास्तर कामावरून आले, बूट काढून दाराशी जोडीनं ठेवले, आणि हात धुवायला वळणार तेवढ्यात वरच्या मजल्यावरून हसू ऐकू आलं. आधी साडूचं, गडगडाटी. त्याच्या मागोमाग आईचं. आई पोटभर हसली की शेवटी दम लागल्यासारखा एक लांब श्वास घ्यायची. तो श्वाससुद्धा छतातून खाली आला.

“आई वर?” मास्तरांनी विचारलं.

“मग काय, इथे बसून भिंती बघायच्या त्यांनी?” बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. “चहा ठेवलाय. घ्या, आणि तोंड सरळ करा.”

“माझं तोंड सरळच आहे.”

“आरशात बघा.”

मास्तरांनी आरशात बघितलं नाही. चहा घेतला, तोही उभ्या उभ्या. वर पुन्हा हशा झाला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. इस्पितळातल्या परिचारिका, हॉटेलांचे दरवान, विमानतळावरचे सफाईवाले, साऱ्यांच्या अंगावरचं कापड आधी मास्तरांच्या लांबलचक टेबलावर पसरलं जाई. थरावर थर रचायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि मशीन फिरवायचं. एक रेघ चुकली की शंभर बाह्या वाया. पण मास्तरांची रेघ चुकत नसे. मापाची पट्टी त्यांच्या खिशात कायम असायची, आणि कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ते नुसत्या नजरेनं सांगायचे. परदेशात येऊन त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि या काळात त्यांना कोणी “तुमचं माप चुकलं” असं म्हटलं नव्हतं.

साडूला या देशात आणला तोही मास्तरांनीच. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे घरचाच माणूस, म्हणून एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकला. आपल्याच डोक्यावरचं घर रिकामं झालं तेव्हा घरमालकाकडे जाऊन तेही त्याला मिळवून दिलं. आता तो अक्षरशः डोक्यावर बसला होता. त्याची नोकरी घरोघर फिरण्याची. लोक खूश होऊन वर काही ना काही देत, आणि तो ते बेधडक उडवत असे. मास्तरांना मुलीच्या कॉलेजची फी होती, गावाकडच्या घराचं काम होतं. त्यांच्याकडे आलेला पैसा आधीच ठरलेल्या वाटेनं निघून जाई.

आईला मात्र त्यांनी हट्टानं आणलं होतं. व्हिसा मोजक्या महिन्यांचा. मनात त्यांनी सगळं आखून ठेवलं होतं: दिवसभर आपण कामावर, पण संध्याकाळ आपली. आई खुर्चीत बसेल, आपण समोर बसू, ती बोलेल, आपण ऐकू. पहिले काही दिवस तसं झालंही. मग आईचं गावाकडचं बोलणं संपलं आणि मास्तरांकडचं तर मुळात फारसं नव्हतंच. त्याच आठवड्यात साडूनं पंचावन्न इंची टीव्ही आणला. खालून वर जाताना त्यानं तो खोक्यासकट जिन्यात टेकवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला “पंचावन्न, पंचावन्न” असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आईच्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेल्या.

मास्तरांच्या घरातही टीव्ही होता. आधीचा भाडेकरू तो सोडून गेला होता, कारण कोणी उचलायला तयार नव्हतं. पाठीला भलं मोठं पोक, आणि चित्राच्या एका कोपऱ्याला हिरवट झाक. पहिल्याच दिवशी आईनं मालिका लावून बघितली आणि विचारलं होतं, “अरे दादा, ही सगळी माणसं आजारी आहेत का?”

चहा संपवून मास्तर आईला आणायला वर गेले. दार उघडंच होतं.

समोरची भिंत टीव्हीनं खाऊन टाकली होती. आई घरातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर शाल. तिच्या पायाशी जमिनीवर साडू फतकल मारून बसलेला. दोघांचंही लक्ष पडद्यावरच्या एका काळ्या चष्म्याच्या, कोटातल्या मामाकडे. हा मामा बिचाऱ्या नायिकेकडून कसल्याशा कागदावर सही घ्यायच्या बेतात होता.

“करू नकोस गं बये!” साडू ओरडला. “आई, बघा, ही करणार!”

“नाही करायची,” आई म्हणाली. “पेनात शाई नसणार बघ.”

“लावता पैज?”

“लाव. हरलास तर उद्या माझे पाय चेपायचे.”

“ते तसेही चेपतोच की!”

पेनात शाई नव्हती. आईनं टाळी मागितली आणि साडूनं दिली. दारात उभ्या असलेल्या सख्ख्या मुलाकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही. आई साडूला अलीकडे “धाकट्या” म्हणू लागली होती. मास्तरांना पाठचा भाऊ नव्हता. आईच्या मनातली ती रिकामी जागा साडूनं कोणाला न विचारता परस्पर भरून टाकली होती.

“अरे, साडूभाऊ! या की, बसा,” साडूनं शेवटी पाहिलं. “थांबा, चहा आणतो.” आणि तो स्वयंपाकघरात आपल्या बायकोच्या, म्हणजे मास्तरांच्या मेव्हणीच्या, मदतीला गेला. जाहिराती लागल्या म्हणून आईही तोंडावर पाणी मारायला उठली.

खोलीत मास्तर आणि टीव्ही, दोघंच उरले. मास्तरांचा हात आपोआप खिशात गेला. पट्टीचं एक टोक डाव्या कडेला, दुसरं उजव्या कडेला. त्यांनी आकडा वाचला, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचला.

अठ्ठेचाळीस.

मास्तरांच्या छातीत काहीतरी गोड हललं. पंचावन्न म्हणून अख्ख्या जिन्याला सांगितलं, आणि निघाला अठ्ठेचाळीस! पट्टी खिशात गेली तेव्हा साडू चहा घेऊन येत होता. त्या दिवशी मास्तरांनी त्याचा चहा चवीनं प्यायला.

खाली आल्यावर त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि हळूच सांगितलं, “तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचा टीव्ही अठ्ठेचाळीस आहे.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी मोजला.”

बायकोनं कपाळावर हात मारला. “तुम्ही लोकांच्या घरी जाऊन टीव्ही मोजता?”

“सात इंच खोटं बोलला तो! कापडात सात इंच कमी भरले तर अख्खी गाडी परत पाठवतो आम्ही.”

“मग जा, टीव्ही परत पाठवा त्यांचा. त्यांचा टीव्ही, त्यांचे इंच, तुमच्या पोटात का दुखतंय?”

“माझ्या पोटात काही दुखत नाही,” मास्तर म्हणाले. “आपण टीव्ही घेतोय.”

त्या दिवसापासून कारखाना सुटला की मास्तर दुकानं पालथी घालू लागले. सगळीकडे तोच देखावा: भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर तीच रंगीत मासोळी पोहते आहे, आणि तिच्याखाली मास्तरांना न परवडणारा आकडा. टीव्हीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत बसेल असा टीव्ही शोधायचा म्हणजे कुठेतरी काहीतरी सोडावं लागणार, हे त्यांना समजत होतं. नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा तर पडदा घरातल्या खिडकीएवढा. पडदा मोठा घ्यावा तर कंपनीचं नाव असं की उच्चारताना जीभ अडखळावी. एका दुकानात मांडून ठेवलेला टीव्ही स्वस्तात मिळत होता, पण तो सकाळपासून रात्रीपर्यंत मासोळी दाखवून थकलेला. देश सोडून चाललेलं एक कुटुंब आपला टीव्ही विकत होतं. मास्तर तिथेही जाऊन आले. पडदा चांगला होता, पण रिमोटची बटणं पोरांनी खाल्ली होती, आणि हमी कोणाकडे मागायची? जाणारा माणूस गेला की गेला.

घरमालकाला भिंतीत खिळा चालत नव्हता. तेव्हा टीव्ही टेबलावर, स्वतःच्या पायांवर उभा राहणाराच हवा होता. शिवाय परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो तो प्रश्न मास्तरांनी प्रत्येक विक्रेत्याला विचारला: कायमचं घरी परत जाताना हा नेता येईल का, आणि तिथे बिघडला तर कोण बघेल? विक्रेते हसत आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत.

बायको एकदा बरोबर आली. तिनं एका नावाजलेल्या कंपनीच्या लहान टीव्हीसमोर उभं राहून निकाल दिला, “हा छान आहे. आपल्या खोलीला एवढा पुरे.”

“नाही. पन्नासच्या खाली नाही.”

“पन्नास कशाला? खोली केवढी, माणसं किती?”

“पन्नासच.”

अठ्ठेचाळीसच्या वर दोनच बोटं, पण वर. अर्थात हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. पण तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि “अस्सं!” म्हणाली. तिचं ते “अस्सं” मास्तरांना फार झोंबलं.

शेवटी, बायको पुन्हा बरोबर असताना, एका दुकानात बेत जमला. जीभ अडखळवणारी कंपनी, पण हमी दोन वर्षांची, आणि पन्नासवर सूट. सूट फक्त बंद खोक्यावर होती. मांडलेल्यांत तो आकार नव्हता. खोक्यावर ठळक आकडा छापलेला: पन्नास. मास्तरांना तेवढं बस होतं. कापडाच्या ताग्यावर छापलेला आकडा पन्ह्याचाच असतो, आणि मास्तरांनी आयुष्यभर तो वाचूनच ताग्यांना हात लावला होता. त्यांनी पैसे मोजून दिले.

आता घरी कसा न्यायचा? दुकानवाले पोहोचवायचे वेगळे पैसे मागत होते. मास्तर टॅक्सीचा हिशेब करत उभे असताना बायकोनं फोन कानाला लावला होता.

“कोणाला करतेस?”

“भाऊजींना. त्यांच्याकडे कंपनीची व्हॅन आहे.”

“मुळीच नाही!”

पण तोवर साडू “आलोच” म्हणाला होता, आणि तो खरंच आला. त्यानं खोकं एकट्यानं उचललं, व्हॅनमध्ये गाद्या घालून आडवं न ठेवता उभंच बांधलं, वाटेत प्रत्येक खड्ड्याला “जपून, जपून” असं स्वतःलाच म्हणाला, आणि जिना चढताना भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं, “साडूभाऊंनी पन्नास घेतला!” मास्तर मागून खोकं बांधायच्या पट्ट्या आणि पावती घेऊन चढत होते. स्वतःच्या टीव्हीच्या वरातीत ते करवल्यासारखे दिसत होते.

घरात पोक असलेला म्हातारा टीव्ही दोघांनी मिळून गॅलरीत हलवला. साडूनं थर्माकोल काढलं, पाय बसवले, टीव्ही टेबलावर ठेवला आणि तारा जोडायला मागे गेला. मेव्हणीही उतरून आली होती. आई खुर्चीत बसून बघत होती. “छान आहे हो,” ती म्हणाली. “आटोपशीर आहे.”

आटोपशीर! मास्तरांनी टीव्हीकडे नीट पाहिलं. नजरेला काहीतरी खटकत होतं. पट्टी निघाली. डावी कड, उजवी कड. चव्वेचाळीससुद्धा पुरते भरत नव्हते.

“फसवलं!” मास्तर इतक्या जोरात म्हणाले की साडूचं डोकं टेबलाला आपटलं. “पन्नास लिहिलंय आणि चव्वेचाळीस दिलाय! चोर आहेत. उचला, आत्ताच्या आत्ता परत न्यायचा.”

“बघू,” साडू डोकं चोळत पुढे आला. त्यानं मास्तरांच्या हातातून पट्टी घेतली. तिचं एक टोक वरच्या डाव्या कोपऱ्यात धरलं आणि दुसरं तिरकं खाली उजव्या कोपऱ्यात. “हे घ्या. पन्नास. बरोब्बर.”

“असं कसं? असं कोण मोजतं?”

“टीव्ही असाच मोजतात, साडूभाऊ. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.”

“उरेब?” मास्तरांच्या तोंडून निघालं. कापड तिरकं कापायचं असलं की ते उरेब. पण उरेब मोजून पन्हा सांगणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. “उरेब मोजतात?”

आणि तेवढ्यात बायको, मनातलं आपोआप ओठांवर यावं तशी म्हणाली, “म्हणजे वरचा खरोखरच पंचावन्न आहे की!”

साडूनं तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. “माझा... मोजलात?”

मास्तर पट्टीची गुंडाळी करत राहिले. ती झाली, तरी करत राहिले.

“कधी?”

“तुम्ही चहा आणायला आत गेला होतात,” मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

मेव्हणीनं तोंडाला पदर लावला. साडू आधी नुसता बघत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग ते छतातून रोज ऐकू येणारं गडगडाटी हसू मास्तरांच्या स्वतःच्या खोलीत फुटलं. बायको हसली. मेव्हणी भिंतीला टेकली. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. आई मात्र हसली नाही. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

“झालं का तुमचं? मालिका सुरू होईल. लावा आता. हाच लावा. माझ्या दादानं आणलाय.”

त्या शेवटच्या तीन शब्दांनी मास्तरांच्या कानांचा लाल रंग जरा उतरला. चॅनल लागलं. माणसं निरोगी दिसत होती. साडू निघायला उठला तशी आई म्हणाली, “तू कुठे चाललास, धाकट्या? मामाला कोण शिव्या देणार? बस.”

आणि साडू बसला. बरोबर आईच्या पायाशी, जिथे वर बसायचा तिथेच. मास्तर दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत. टीव्ही त्यांचा, खोली त्यांची, आई त्यांची, आणि आईचं कोपर साडूच्या खांद्यावर. मामा आला. साडूनं त्याला पहिली शिवी हासडली. आई खूश झाली. मास्तरांनी उजेड कमी-जास्त करायला रिमोट हातात घेतला, तर आई म्हणाली, “दादा, मधे मधे करू नकोस रे.” त्यांनी रिमोट ठेवून दिला. आता करायला काहीच उरलं नाही, म्हणून ते पहिल्यांदाच नीट पडद्याकडे बघू लागले.

आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हा कोट त्याचा नाही,” ते म्हणाले.

“कोणाचा?” आईनं विचारलं.

“मामाचा. बाही बघ, अंगठ्यापर्यंत आलीय. खांदा दोन बोटं खाली उतरलाय. दुसऱ्याच्या मापाचा कोट आहे हा. म्हणे एवढा मोठा उद्योगपती, आणि अंगावर मागून आणलेला कोट?”

आई खुर्चीत पुढे सरकली. डोळे बारीक करून तिनं मामाचा खांदा बघितला. “अगं बाई! खरंच की! म्हणजे हा श्रीमंत नाहीच. हे सोंग आहे सगळं! म्हणून सही हवीय मेल्याला!”

“काय सांगता!” साडू म्हणाला. “तसं काही नसेल. कपडेवाल्यांची चूक असेल.”

“तू गप्प बस,” आई म्हणाली. “तुला काय कळतंय त्यातलं? दादा, ती बघ ती, थोरली सून. तिचं काय?”

“तिचा ब्लाउज नवा आहे, पण घाईत शिवलाय. गळ्याला चुणी पडलीय. आज सकाळीच आणला असणार.”

“सकाळीच! म्हणजे तिला आधीच माहीत होतं पाहुणे येणार ते!” आईनं मांडीवर थाप मारली. “लबाड! आणि तो म्हातारा वकील?”

मास्तर बोलू लागले. ते कामावरसुद्धा कधी इतकं बोलले नसतील. वकिलाची पँट, नायिकेची ओढणी, नोकराच्या अंगावर मालकाहून चांगला बसलेला सदरा, आणि यातल्या प्रत्येकातून आई कट शोधून काढत होती. मालिका लिहिणाऱ्यालाही सुचले नसतील इतके कट त्या संध्याकाळी त्या खोलीत सापडले. एकदा आई हसली, पोटभर, आणि शेवटी तो लांब श्वास घेतला. मास्तर समोरच बसले होते. छत मधे नव्हतं. आईचं कोपर साडूच्या खांद्यावरून कधी निघालं आणि तिची खुर्ची कधी मास्तरांकडे वळली, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

साडूच्या आलं. दोन-तीनदा त्यानं मामाला शिवी देऊन बघितली, पण कोणी दाद दिली नाही. जाहिराती लागल्या तेव्हा तो स्वतःच्या शर्टाकडे बघत होता. मग त्यानं मान वळवून एक खांदा बघितला, मग दुसरा.

“साडूभाऊ,” तो हळूच म्हणाला, “माझा खांदा बरोबर आहे ना?”

मास्तरांनी चष्मा सारखा केला. साडूला उठून उभं राहायला लावलं, पाठमोरं फिरवलं आणि सावकाश, अगदी मन लावून बघितलं. आईही बघत होती. शर्ट जणू अंगावर ठेवूनच शिवला होता. खांदा जिथे हवा तिथेच, सूतभरही इकडेतिकडे नाही.

“जरा उतरलाय,” मास्तर म्हणाले. “राहू दे, उद्या घेऊन या. करून देतो.”